उजवीकडचं बटण

कल्लाप्पाला कन्नड वाचता येत नाही, ही गोष्ट अख्ख्या बेंगळुरात दोघांनाच ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको शिवलीला. बाकी कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. नावच कल्लाप्पा. बोलायला तोंड उघडलं की निपाणीकडचं ठसक्यातलं कन्नड. ऐकणारा म्हणे, हा पक्का उत्तर कर्नाटकातला गडी. आता असल्या माणसाला कोण विचारणार, की बाबा, तुला लिपी येते का?

गाव निपाणी तालुक्यात, पण शाळा झाली मामाकडे, कागलला, म्हणजे सीमेच्या पलीकडे, महाराष्ट्रात, मराठीतून. कन्नड त्याच्या कानांनी आत आलं, डोळ्यांनी आलंच नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी बेंगळूर गाठलं तेव्हा त्यानं ठरवलं होतं, सहा महिन्यांत लिपी शिकून टाकायची. मराठीतून कन्नड शिकवणारी अंकलिपीही आणली होती. मग के. आर. पुरमला खोली झाली, लग्न झालं, ऋचा झाली, आणि अंकलिपी ट्रंकेच्या तळाला गेली. बसची पाटी वाचायची नाही, नंबर वाचायचा. दुकानावर इंग्रजी असतंच. कुणी कागद पुढं केला की चष्मा घरी राहिलेला असायचा. पहिल्या दोन वर्षांत सांगितलं असतं तर लोक हसून मोकळे झाले असते. एकोणतिसाव्या वर्षी सांगायचं म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना बनवलं, असं व्हायचं. ही लाज दरवर्षी थोडी थोडी मुरत गेली होती.

जयनगरमधल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रात तो काउंटर सांभाळायचा. केंद्र छोटं. सात खुर्च्या, सात मशिनी, दिवसाला तीन शिफ्ट. निम्मे रुग्ण सोम-बुध-शुक्र, निम्मे मंगळ-गुरू-शनि, असे एकूण बेचाळीस. कुणाची पाळी कधी, कुठल्या खुर्चीवर, हे कॉम्प्युटरवर बसवणं हे त्याचं काम. सोळा वर्षं त्यानं ते काळ्या पडद्यावर केलं. पांढरी इंग्रजी अक्षरं, माउसची गरज नाही. नाव, एंटर, खुर्ची, एंटर, वार, एंटर, एफ-टू, झालं. बोटं आपापलं काम करायची आणि हा समोरच्याशी बोलत राहायचा, की पाय सुजलेत काय, काल कलिंगड खाल्लंत काय, खरं सांगा. सगळे बेचाळीस जण त्याला खुर्चीच्या नंबरासकट तोंडपाठ होते.

जूनमध्ये ट्रस्टनं नवा प्रोग्राम आणला. जे काम आपल्याला दिवसातून दोनशे वेळा करावं लागत नाही, त्याचाच पडदा बदलायची लोकांना हुक्की का येते, हे काही कळत नाही. पण इथं तर हेतूही चांगला होता, म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही. रुग्णांची जी भाषा तीच केंद्राची भाषा, असं म्हणत सगळं कन्नडमध्ये केलं होतं. छोटा समारंभ झाला, टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या कल्लाप्पानं वाजवल्या.

पांढराशुभ्र पडदा, गोल गोल चित्रं आणि कन्नड अक्षरांच्या ओळीच्या ओळी. भाषा बदलायची सोय आत कुठंतरी होती म्हणे, पण ती सोयही कन्नडमध्येच लिहिलेली. आणि विचारायचं तरी कुणाला? कल्लाप्पाला इंग्रजी पाहिजे म्हटल्यावर केंद्र हसलं असतं. ऋचानं पुण्याला जाण्याआधी त्याच्या फोनमध्ये भाषांतराचं काहीतरी घालून दिलं होतं. पण दहा माणसं समोर उभी असताना पडद्यापुढं फोन धरायचा म्हणजे आपणच आपली दवंडी पिटायची.

सगळ्यांत वाईट होती ती कार्डाच्या तळाची दोन बटणं. एकावर 'उळिसि' लिहिलेलं, म्हणजे राखून ठेवा. दुसऱ्यावर 'अळिसि', म्हणजे पुसून टाका. बोलताना कल्लाप्पाची यात जन्मात गल्लत झाली नसती. पण लिहिताना पहिलं अक्षर तेवढं वेगळं, पुढची सगळी वळणं तीच. आणि बटणं एकाच मापाची, एकाच फिकट निळ्या रंगाची. डोळ्यांना सुखद वाटावीत म्हणून तसं केलं होतं म्हणे.

धनलक्ष्मी सिस्टर मशिनींची प्रमुख. ती पहिल्या दिवशी एक कार्ड भरत असताना कल्लाप्पानं मागं उभं राहून सगळं टिपून घेतलं. उजवीकडचं बटण दाबलं की कार्ड राहतं. मग एक चौकट येते. "खचितवे, असं विचारतंय बघा अण्णा, हौदु म्हणायचं," ती हसून म्हणाली होती. खचित हा शब्द कागलच्या मास्तरांच्याही तोंडी असायचा, त्यामुळं त्याला जरा बरं वाटलं. 'हौदु'चा, म्हणजे होकाराचा, आकार त्यानं पाठ केला. उजवं, हौदु. उजवं, हौदु. या दोन शब्दांवर त्यानं चार महिने रेटले. रोज सकाळी मेट्रोतून तो तेच दोन शब्द घोकत यायचा. वजन चार किलो उतरलं. शिवलीला म्हणायची, "अवो, सांगून टाका की एकदा. खाणार हाईत काय कोण?" तो ताटावरून उठून जायचा.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी तो कामावर आला आणि पडदा पुन्हा बदललेला. कुणाला काही न सांगता, न विचारता. वरची चित्रं डावीकडं गेली होती, नावं बारीक झाली होती, शोधायची चौकट कुठं गायब झाली ती दहा मिनिटं सापडेना. समोर रांग. शेवटी कार्ड उघडलं आणि तळाला पाहतो तो दोन्ही निळी बटणं जागच्या जागी. त्याला एवढं हायसं वाटलं की त्यांच्यावर काय लिहिलंय हे बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. आणि आलं असतं तरी बघून काय करणार होता?

पुढच्या शनिवारी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. मशिनींची पूजा असते, म्हणून पहिली शिफ्ट बंद. त्या शिफ्टच्या सातही जणांची पाळी एक दिवस पुढं, रविवारवर सरकवायची होती. दुपारी त्यानं एक नंबरच्या खुर्चीपासून सुरुवात केली. त्या दिवशी बदलायची ती पहिलीच कार्डं. वार बदलला. उजवं, हौदु. पुढचं कार्ड. उजवं, हौदु. अर्ध्या तासात सात कार्डं. वर कोपऱ्यात बेचाळीसचा आकडा असायचा, तिथं पस्तीस दिसत होतं. त्याला ते दिसलं. पण या पडद्याला वस्तू लपवायची खोडच आहे, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. पाच वाजता काउंटर बंद केला.

के. आर. पुरम स्टेशनबाहेरच्या पुलाखाली देवाप्पाची किल्ल्या करायची गाडी. देवाप्पा म्हणजे एक नंबरची खुर्ची, मंगळ-गुरू-शनि, सकाळी सहा. वय साठीचं, बायको गेलेली, मूलबाळ नाही. कुठलीच लिपी येत नाही, हे तो कुणालाही खुशाल सांगायचा. दोघांचं बोलणं कन्नडमध्ये चालायचं.

"कल्लाप्पण्णा, बरं झालं भेटलात," देवाप्पानं आपला जुना बटणांचा फोन पुढं केला. "आत्ताच टुंग वाजला. काय लिहिलंय?"

केंद्राकडून असे निरोप आदल्या संध्याकाळी येतच. गेले दोन महिने तेही कन्नडमध्ये यायचे आणि देवाप्पा ते कल्लाप्पाकडून वाचून घ्यायचा. निरोप नेहमी एकच, उद्या सहाला या. वाचायचं काय होतं त्यात? कल्लाप्पानं फोन हातात घेतला, भुवया आकसल्या, ओठ हलवले.

"नेहमीचंच. उद्या सहाला."

"सरी अण्णा, येतो सहाला." देवाप्पानं फोन खिशात टाकला. "आज पाय फारच जड झालेत. शनिवारपासून दोन किलो पाणी चढलं असेल. उद्या उतरलं की सुटलो."

कल्लाप्पा घरी आला. शिवलीलानं चहा पुढं ठेवला. त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं. सहा वाजून दहा मिनिटं. सहा. कपाला लागलेला हात तिथंच थांबला. देवाप्पाच्या निरोपात सहाचा आकडा कुठं होता?

नव्हता. अक्षरं येत नसली तरी आकडे त्याला येत होते, आणि दोन महिने प्रत्येक निरोपात सहा असायचाच. आजचा निरोप तोकडा होता. आणि मग एकदम त्याला तो कोपऱ्यातला आकडा आठवला. बेचाळीसातून सात गेले की पस्तीस.

"काय झालं वो? तोंड का असं पडलंय?" शिवलीला विचारत होती. पण तो चपला घालून जिना उतरतही होता. फोन चार्जिंगला लावलेला तसाच राहिला.

पुलाखाली पोचेपर्यंत त्याला धाप लागली. देवाप्पा गाडी आवरत होता. "तो निरोप बघू परत," कल्लाप्पा म्हणाला.

गाडीच्या दिव्याखाली तो उकिडवा बसला. निम्म, म्हणजे तुमची. हा आकार ओळखीचा. पुढं सरदि. कन्नडात सरदि म्हणजे पाळी. हाही रोजचाच. स, र, दि. मग शेवटचा शब्द, हा नवा होता. एकोणतीस वर्षं ज्याला टाळलं तेच आता पुलाखाली, ट्रकच्या धुरात, करायचं होतं. पहिलं अक्षर सरदितल्या र सारखंच. र. दुसरं सरदितल्या द सारखं, पण त्याच्या पायाशी आणखी एक छोटासा द टांगलेला. र... द... द्द. त्यानं बोट ठेवून पुन्हा वाचलं. रद्द. हा तर आपलाच शब्द. मराठीत रद्द, कन्नडमध्ये रद्दु, अर्थ तोच. आयुष्यात स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला त्याचा पहिला कन्नड शब्द होता तो.

बटणांची अदलाबदल झाली होती. त्यानं एकाचीही पाळी पुढं ढकलली नव्हती, सातही जणांना पुसून टाकलं होतं. खुर्ची रिकामी झाली की नवा प्रोग्राम आपणहून प्रतीक्षायादीतल्या माणसाला बोलावतो. उद्या सकाळी सहाला सात माणसं अंगातलं पाणी घेऊन येतील आणि त्यांच्या खुर्च्यांवर दुसरी बसलेली असतील. बाकी सहा जणांनी निरोप वाचून फोनही केले असतील, पण पाचनंतर काउंटरचा फोन उचलायला कोण असतं?

"अण्णा, काय आहे?" देवाप्पा विचारत होता.

संध्याकाळची शिफ्ट आठपर्यंत चालते, म्हणजे धनलक्ष्मी सिस्टर अजून केंद्रातच होती. तिचा नंबर कल्लाप्पाला पाठ होता. त्यानं देवाप्पाच्याच फोनवरून तो लावला. घंटी वाजत असताना त्याच्या मनात आलं, प्रोग्राम बिघडला म्हणून सांगावं. कोण नाही म्हणेल? सकाळपासून सगळे त्या पडद्याला शिव्याच घालत होते. एक वाक्य, की सुटका. पण मग उद्या पुन्हा तीच दोन बटणं, परवा पुन्हा, आणि पडदा तर कधीही बदलेल. देवाप्पा समोर एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभा होता. चपलेचे पट्टे त्याच्या पायात रुतले होते.

"सिस्टर, पहिल्या शिफ्टची मंगळवारची सातही माणसं पुसली गेलीत. मी पुसली. नावं सांगतो, लिहून घ्या, एक नंबर देवाप्पा, दोन नंबर..." त्यानं न अडखळता सातही नावं, फोन नंबर, वार सांगितले. पलीकडून कळफलकाचा खडखडाट ऐकू येत होता.

"पण अण्णा, पुसली कशी? समोर लिहिलेलं असतं ना?"

कल्लाप्पानं डोळे मिटले. "मला वाचता येत नाही, सिस्टर. कन्नड. बोलता येतं, वाचता येत नाही. पहिल्यापासून."

मग ती बोलली ती रागानंच. "माणसांच्या अंगातलं पाणी आहे हे, अण्णा. फाइल नाही. चार महिने तुम्ही अंदाजानं बटणं दाबताय?" आणि जरा थांबून, "सहा जणांची जागा परत मिळतेय. एक नंबरला होकार येऊन गेलाय. होसकोटेच्या बाई आहेत, चार महिने थांबल्यात. त्यांना मी आता नाही म्हणणार नाही. देवाप्पांना उद्या चारची शिफ्ट. म्हैसूरला कायमचं राहायला गेलेल्या माणसाची जागा आहे, त्याचं कार्ड अजून काढलेलं नाही. रात्री श्वास लागला तर थेट इस्पितळात न्या, वाट बघू नका. आणि ट्रस्टला मी कळवणार. लपवणार नाही."

"सरी," कल्लाप्पा म्हणाला.

त्यानं फोन परत दिला. देवाप्पानं सगळं ऐकलं होतं. तो फोनकडं बघत राहिला, मग कल्लाप्पाकडं.

"म्हणजे दोन महिने तुम्ही मला जे वाचून दाखवलं ते?"

"अंदाजानं."

देवाप्पा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं किल्ल्यांचा जुडगा खोक्यात टाकला, खोक्याला कुलूप लावलं आणि म्हणाला, "मला येत नाही हे मी सगळ्या जगाला सांगतो, अण्णा. तुम्हाला मला सांगायला काय झालं होतं?"

घरी येऊन त्यानं शिवलीलाला सगळं सांगितलं. तिनं ट्रंक उघडली, तळातून अंकलिपी काढली आणि ताटाशेजारी ठेवली. पिवळी पडली होती. पहिल्याच पानावर ते दोन्ही आले, वर अ, जरा खाली उ. "ह्यो अ म्हणजे अळी," ती म्हणाली. "अळी पडली की पान खाऊन टाकती. आन् उ म्हणजे उरलं. एवढं ध्यानात ऱ्हाईल न्हवं?" त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

मंगळवारी देवाप्पा सकाळी सहालाच हजर झाला. घरी एकट्याला भीती वाटते, म्हणाला. बाकावर बसला, तो चारपर्यंत तिथंच. एक नंबरच्या खुर्चीवर होसकोटेच्या बाई बसल्या होत्या. काउंटरवरून कल्लाप्पाला देवाप्पाचे पाय दिसत होते. तासागणिक ते जास्त सुजत होते की त्यालाच तसं वाटत होतं, कळायला मार्ग नव्हता. अकरा वाजता देवाप्पानं सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली. एकच्या सुमारास तो तोंडानं श्वास घेऊ लागला. धनलक्ष्मी दोनदा येऊन त्याच्या छातीला नळी लावून गेली आणि दोन्ही वेळा कल्लाप्पाकडं न बघता गेली. कल्लाप्पानं डबा उघडलाच नाही. ट्रस्टचे साहेब गुरुवारी येणार होते. आज त्याला त्यांचीही भीती उरली नव्हती, ते पायच काय ते दिसत होते.

चारला देवाप्पा मशीनला लागला. रात्रीचं पाणी, दिवसाचं पाणी, सगळं हळूहळू उतरू लागलं. मग धनलक्ष्मी काउंटरमागं येऊन उभी राहिली. "त्यांचं कायमचं कार्ड करायचंय. चारची शिफ्ट, तीन नंबर. तुम्ही करा. मी बघते."

रांग उभी होती. सगळ्यांना बातमी कळलेली होती, हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं. कल्लाप्पानं नाव भरलं, वार भरले. तळाला दोन निळी बटणं. त्यानं पडद्याला बोट लावलं, सगळ्यांदेखत, आणि पहिलं अक्षर शोधलं. अळी. ते नको. दुसरं. उ. आज ते डावीकडं होतं. त्यानं ते दाबलं. चौकटीनं विचारलं, खचितवे? तो थांबला, परत एकदा बघितलं आणि हौदु म्हणाला.

काउंटर पाचलाच बंद झाला होता, पण कल्लाप्पा घरी गेला नव्हता. आठला देवाप्पा बाहेर आला. थकलेला, पण चपलेचे पट्टे सैल झाले होते. तो काउंटरशी थांबला, खिशातून फोन काढला आणि पुढं केला.

"निरोप आलाय. वाचा."

"देवाप्पण्णा, सिस्टर वाचतील."

"तुम्ही वाचा. अक्षरावर बोट ठेवून वाचा. स्वल्प स्वल्प वाचा, मला घाई नाही."

कल्लाप्पानं बोट ठेवलं. "निम्म," तो म्हणाला. मग "सरदि." पुढचा शब्द लांबलचक होता. मागून कुणीतरी खाकरलं. धनलक्ष्मी हातमोजे काढता काढता थांबली.

"उ," कल्लाप्पा म्हणाला. बोट पुढं सरकलं. "उळि... उळिस... उळिसलागिदे."

"म्हणजे राखलीय?"

"राखलीय."

"बघा हं. की आजही अंदाज?"

कल्लाप्पानं नाही म्हणून मान हलवली. इतकी वर्षं या काउंटरवर त्याच्या तोंडून कधी मराठी शब्द निघाला नव्हता. आज निघाला.

"वाचलं," तो म्हणाला.